अखबार आणि त्यांची थट्टा

वर्तमानपत्रे वाईट तेवढेच का छापतात, ही तक्रार घरोघर ऐकू येते. सकाळी पत्र उघडावे तो चोरी, अपघात, लाचलुचपत आणि कोणाची तरी बदनामी. सायंकाळी तोच मजकूर दुसऱ्या तोंडून. तक्रार करून कंटाळा आला म्हणजे माणसे थट्टेकडे वळतात. कोणी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाची हुबेहूब नक्कल करून एक फलक रंगवितो, त्यावर ठळक अक्षरांत हास्यास्पद मथळा घालतो आणि तो हाती धरून चव्हाट्यावर उभा राहतो. येणारेजाणारे क्षणभर फसतात, मग हसतात, आणि हसता हसता खऱ्या पत्राकडेही जरा संशयाने पाहू लागतात. निषेधाची ही रीत अगदी आजकालची असावी असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ती छापखान्याहूनही जुनी आहे. मराठीतील पहिले वर्तमानपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्याच्या सव्वाशे वर्षे आधी दक्खनमध्ये बातमीपत्रांचा मोठा पसारा होता, त्यांच्याविषयी तक्रारी होत्या, आणि त्यांच्या नकलेचा विनोदही जन्मास आला होता. त्या विनोदाची हकीकत औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या शहराच्या इतिहासाशी अनेक धाग्यांनी जोडलेली आहे.

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी येथे हे शहर वसविले. शाहजादा औरंगजेब दक्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला त्या सुमारास, १६५३ मध्ये, त्याचे नाव औरंगाबाद झाले. पुढे बादशहा झाल्यावर मराठ्यांशी व दक्षिणेतील राज्यांशी निकराचे युद्ध करण्याच्या उद्देशाने तो १६८२ च्या मार्चमध्ये याच शहरी येऊन पोहोचला. त्याबरोबर साऱ्या हिंदुस्थानच्या कारभाराचे केंद्र येथे आले. जेथे बादशहा तेथे दफ्तर, आणि जेथे दफ्तर तेथे कागद. कागदाची उणीव या प्रांती नव्हती. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद करणाऱ्यांची वस्ती असून ती महंमद तुघलकाच्या काळापासूनची आहे, अशी परंपरा सांगते. पुढच्याच वर्षी बादशहाची छावणी अहमदनगरकडे हलली, तरी सुभ्याचे मुख्य ठाणे औरंगाबादच राहिले.

या कागदांपैकी पुष्कळसा भाग बातम्यांचा असे. मोगलांची बातमीची व्यवस्था अकबराच्या काळापासून बांधलेली होती. त्याच्या दरबारी चौदा लेखक नेमलेले असत, रोज दोघांची पाळी असे, आणि बादशहाने काय केले, काय हुकूम दिला, कोण भेटीस आला, याची ते नोंद ठेवीत. प्रांतोप्रांती वाकेनवीस असे. त्याच्यावर नजर ठेवण्यास सवानिहनिगार असे. या दोघांनाही नकळत लिहिणारा खुफियानवीस असे. आणि तोंडी बातमी आणणारे हरकारे निराळेच. हे सर्व डाकचौकीच्या दारोग्याच्या हाताखाली येत. यांतील पहिला शब्द महाराष्ट्राला चांगला परिचित आहे. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतील मंत्र्याचे जुने नाव वाकनीस, ते याच वाकेनविसाचे मराठी रूप होय. आडनाव म्हणून ते आजही घराघरांतून नांदते आहे.

मनुची नावाच्या व्हेनिसच्या प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, प्रांतांतून आलेली ही बातमीपत्रे रात्री नऊच्या सुमारास बादशहासमोर महालातील स्त्रिया वाचून दाखवीत. दिवसभराच्या राज्यकारभारानंतर वृद्ध बादशहा कान देऊन ऐकतो आहे, आणि दूरच्या एखाद्या अंमलदाराचे भवितव्य त्या वाचनावर लोंबकळते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. चार ओळींच्या प्रतिकूल बातमीने मनसब कमी होई, जहागीर जाई, माणूस दरबारातून उठे. बातमी वाईट असणे हीच तिची किंमत होती. सर्व काही ठीक आहे, असे लिहिणाऱ्या वाकेनविसाची गरज तरी कोणाला भासणार?

अर्थात जेथे लेखणीला एवढे सामर्थ्य, तेथे तिचा बाजारही भरणारच. बर्निये हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या आरंभी हिंदुस्थानात होता. प्रांतोप्रांती वाकेनवीस नेमण्यात बादशहाचा हेतू चांगला असला, तरी सुभेदार आणि वाकेनवीस यांचे बहुधा लज्जास्पद संगनमत असते, असा अभिप्राय त्याने दिला आहे. मग ज्याने हात ओले केले त्याच्या प्रांतात सदैव सुबत्ता, आणि ज्याने हात आखडला त्याच्या प्रांतात सदैव बखेडा. बातमीतील वाईटपणा आणि चांगुलपणा हे दोन्ही एकाच दुकानी विकत मिळू लागले म्हणजे वाचणाऱ्याने विश्वास ठेवावा तरी कशावर? एका बातमीदारावर दुसरा व दुसऱ्यावर तिसरा नेमण्याची जी पद्धत वर सांगितली, ती मुळात याच अविश्वासाची कबुली होती.

बादशहाला या गोष्टीची जाणीव नव्हती असे मुळीच नाही. त्याच्या नावावर मोडणाऱ्या एका मृत्युपत्रात राज्याचा मुख्य आधार म्हणजे मुलखाची खरी खबर, असा आशय आहे. आणि क्षणाची गाफिली वर्षानुवर्षे कशी भोवते याचा दाखला म्हणून १६६६ मधील शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका सांगितली आहे. जगातील अत्यंत खर्चिक बातमीखाते पदरी असताना ज्याला आपल्या शहरातून निघून गेलेल्या एका पाहुण्याची वार्ता वेळेवर कळली नाही, त्या बादशहाचे हे शल्य होते.

राजधानीहून प्रांतांकडे आणि मांडलिकांकडे जाणारी बातमीपत्रे ती ‘अखबारात’. आंबेरसारख्या राजपूत दरबारांचे वकील बादशहाच्या छावणीत राहत आणि दरबारच्या रोजनोंदीच्या नकला आपल्या धन्याकडे पाठवीत. घाईच्या शिकस्ता लिपीत लिहिलेले हे लहान लहान कागद आज हजारोंनी उपलब्ध आहेत. कर्नल टॉडने नेलेला एक संग्रह लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. जयपूरचा मोठा संग्रह बिकानेरच्या अभिलेखागारात आहे. सर यदुनाथ सरकारांनी औरंगजेबाचा इतिहास लिहिताना यांचा भरपूर उपयोग केला. त्यांचा साचा ठरलेला असे. अमुक तारीख, बादशहा अमुक वेळी दिवाणखान्यात आले, अमक्याने अर्ज केला, हुकूम झाला, तमक्यास खिलत मिळाली. भाषा गंभीर, स्वर एकसारखा, लिहिणाऱ्याचे मन कोठेही दिसू नये अशी खबरदारी.

त्याच काळाची दुसरी साक्ष शेजारी ठेवून पाहिली म्हणजे या गांभीर्याचा अर्थ कळतो. बुऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना तरुणपणी औरंगाबादेत वाढला, मोगलांच्या चाकरीत दक्खनभर हिंडला, आणि म्हातारपणी त्याने ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ हा ग्रंथ लिहिला. ओसाड पडलेली गावे, नागवलेली रयत, पगार थकल्याने पिचलेले शिपाई हे सर्व त्याने पाहिले व मांडले. १७०२ ते १७०४ या वर्षांतील दुष्काळ व साथ यांत दक्खनमध्ये २० लाखांवर माणसे मेली, असा आकडा मनुची देतो. आकडा अंदाजाचा असेल. तथापि ज्या मुलखात असे अंदाज करण्याची पाळी आली, त्या मुलखातून त्याच वेळी खिलती आणि सलाम यांच्या नोंदी अखंड सुरळीत निघत होत्या. एकाची चहाडी आणि दुसऱ्याची वाहवा यांनी कागद भरत होता, आणि त्या दोहोंच्या मधली रयत कागदावर क्वचितच उमटत होती.

अशा वेळी निषेध करावयाचा कोणी आणि कसा? फलक लावावा तर छापखाना नाही. उघड बोलावे तर चौथा बातमीदार मागे उभा. येथे या मातीतील एका जुन्या युक्तीचे स्मरण होते. शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर पैठण. तेथे सोळाव्या शतकात एकनाथ महाराज होऊन गेले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारपदी होते, त्यामुळे फार्शी वळणाच्या दफ्तराची भाषा नाथांच्या कानांवरून नित्य गेलेली. त्यांच्या भारुडांत अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र, जाबचिट्टी अशी सरळ सरकारी कागदांची रूपे आढळतात. अर्जदस्तात मनुष्याचे शरीर हा एक परगणा कल्पिला असून दंभ, काम, क्रोध, ममता यांना तेथील शेटे, महाजन, नाईकवाडी आणि देशपांडे यांच्या जागा वाटून दिल्या आहेत. नव्या अंमलदाराने वर लिहावे की परगण्यातील वतनदार दाद देत नाहीत, तशी ती सारी तक्रार. नाथांचा हेतू परमार्थाचा होता, राजद्रोहाचा नव्हे. परंतु गावच्या चावडीवर असला कागद ऐकून आलेल्या माणसाला त्या रात्री भारूड ऐकताना हसू फुटल्यावाचून राहिले नसेल. दफ्तराचा साचा जसाच्या तसा ठेवावा आणि आत भलताच मजकूर भरावा, ही युक्ती अशा रीतीने दक्खनच्या लोकांना परिचयाची होती.

तीच युक्ती बातमीपत्रावर चालविणारा माणूस मात्र उत्तरेकडून आला. मीर महंमद जाफर हा नारनौलचा. ‘जटल’ म्हणजे निरर्थक बडबड. त्यावरून तो स्वतःस जटल्ली म्हणवी. औरंगजेबाचा धाकटा पुत्र कामबक्ष याच्या चाकरीत तो दक्खनच्या मोहिमेवर होता, आणि शाहजाद्याचीच टवाळी केल्याने ती चाकरी गेली, असे सांगतात. फार्शीत हिंदवी मिसळून तो लिहीत असे; तोंडाचा फटकळ, पुष्कळदा अश्लीलही. म्हणूनच सभ्य वाङ्मयाच्या इतिहासांनी त्याला बराच काळ उंबऱ्याबाहेर उभे केले होते. त्याच्या गद्य लेखनात दरबारच्या अखबारातीची एक नक्कल आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची.

या नकलेची रचना पाहण्याजोगी आहे. साचा खऱ्या अखबाराचा: अमक्याने अर्ज केला, त्यावर हुकूम झाला. येथवर वाचणारा गंभीर राहतो. पण हुकूम म्हणून बादशहाच्या तोंडून जे निघते ते बाजारातील एखादी रांगडी म्हण असते. राज्याची चिंता वाहणारा अर्ज आणि त्याला मिळालेले हे उत्तर यांची गाठ पडताच सारा डोलारा एकदम कोसळतो. जटल्ली कोणावर आरोप करीत नाही, ‘अखबार खोटे आहेत’ असेही म्हणत नाही. तो फक्त तो कागद पुन्हा लिहून दाखवितो. आणि एवढ्या थोर भाषेखाली अखेर कोणत्या प्रतीचा कारभार चालला आहे हे वाचणाऱ्याने आपल्याशी ताडून पाहावे, इतके सोडून देतो.

उत्तम थट्टेचे तीन गुण येथे दिसतात. पहिला, नक्कल तंतोतंत पाहिजे. मूळ कागद ज्याने रोज हाताळला आहे त्यालाच ती साधते. दुसरा, बदल एकच करावा आणि तो नेमक्या ठिकाणी करावा. सगळेच वाकडे केले तर मूळ रूप ओळखूही येत नाही. तिसरा, शेवटचा घाव इतका लहान असावा की ऐकणाऱ्याने तो तोंडपाठ करून पुढच्या नाक्यावर सांगावा. छापखाना नसलेल्या काळात माणसाची जीभ हीच भिंत होती आणि म्हण हाच तिच्यावर लावलेला फलक. आज वर्तमानपत्रांच्या निषेधार्थ जो कोणी विनोदी फलक रंगवितो, त्यालाही याहून चौथा नियम शोधावा लागत नाही.

हीच गोष्ट त्या काळी जगात अन्यत्रही चालू होती. रोम शहरात १५०१ पासून पास्क्विनो नावाच्या एका भग्न पुतळ्याच्या अंगावर सत्ताधाऱ्यांची खिल्ली उडविणारे कागद रातोरात चिकटविले जात. भिंतीवरच्या फलकाचा हा पूर्वज. लंडनमध्ये १६२६ साली बेन जॉन्सनने बातम्यांच्या दुकानावर एक प्रहसनच लिहिले. त्यात एक लोणीवाली येऊन आपल्या गावच्या धर्मोपदेशकासाठी चार पेन्सांची कसलीही बातमी बांधून मागते. आणि जटल्लीच्या हयातीतच, १७०८ मध्ये, जोनाथन स्विफ्टने पंचांगकर्त्या पार्ट्रिजची फजिती केली. पार्ट्रिज दरवर्षी थोरामोठ्यांच्या मरणाची भाकिते छापी. स्विफ्टने टोपणनावाने त्याच्याच थाटात पार्ट्रिज २९ मार्चला मरणार असे भाकीत छापले, आणि ती तारीख उलटताच तो मेल्याची बातमीही प्रसिद्ध केली. बिचारा पार्ट्रिज आपण जिवंत आहोत हे ओरडून सांगत राहिला, आणि लोक हसत राहिले. अशुभ वार्तेवर पोट भरणाऱ्याला तीच वार्ता परत करावी, यापरते काव्यगत न्यायाचे उदाहरण क्वचित सापडेल.

स्विफ्ट पुढे कॅथीड्रलचा डीन झाला. जटल्लीच्या वाट्यास निराळे फळ आले. १७१३ च्या आरंभी फर्रुखसियर तख्तावर आला. त्याने रुप्यासोन्यावर आपल्या नावाचे काव्य कोरविले. त्या काळी नाणे ही केवळ चलनाची वस्तू नव्हती. नवा बादशहा कोण, हे प्रत्येकाच्या मुठीत नेऊन ठेवणारी ती राजाची जाहिरात होती. जटल्लीने तिचीही नक्कल केली. रुप्यासोन्याच्या जागी गहू आणि कडधान्ये आली, आणि जलस्थलाच्या स्वामित्वाच्या जागी चामडी वादीने गळे आवळणारा बादशहा आला. ही दुसरी गोष्ट कल्पनेतील नव्हती; तख्तावर बसताच फर्रुखसियरने वजीर झुल्फिकारखानासह अनेकांना तशाच रीतीने ठार केले होते. साचा तोच, बदल एका ठिकाणी, घाव लहान. तिन्ही नियम पाळले गेले होते, आणि म्हणूनच त्याची किंमतही पुरेपूर मोजावी लागली. त्याच वर्षी जटल्लीला देहान्ताची शिक्षा झाली.

बादशाही बातमीपत्राची टवाळी करून जो जगला, तो नाण्याची टवाळी करताच का मेला? औरंगजेब कठोर खरा, पण आपली सत्ता पक्की आहे याविषयी त्याला शंका नव्हती. शिवाय अखबाराच्या थट्टेत पहिला मार बातमीच्या कागदावर बसे. खुद्द बादशहा बातमीदारांवर रागावलेला असे. फर्रुखसियराची सत्ता मात्र सय्यद बंधूंच्या खांद्यावर उभी होती, आणि नाण्यावरील ते दोन चरण हाच त्याच्या स्वामित्वाचा मोठा पुरावा होता. ज्याच्यापाशी बाकीचे बळ कमी त्याला हसणे सोसत नाही. विनोदाची खरी कसोटी ऐकणाऱ्यांच्या हशात असते तितकीच सत्तेच्या सहनशीलतेत असते.

छापखाना आल्यावर ही विद्या लोप पावली नाही; तिला नुसती नवी भिंत मिळाली. मुंबईच्या ‘हिंदी पंच’सारख्या पत्रांनी व्यंगचित्रे घरोघरी नेली. आणि जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारून वर्तमानपत्रांवर पूर्वनियंत्रण लादले गेले, तेव्हा मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त २८ जूनच्या अंकात निधनवार्तांच्या रकान्यात एक चिमुकली जाहिरात आली. वाचल्यावर कळे की, २६ जूनला निधन पावलेली ती व्यक्ती म्हणजे लोकशाही, आणि मागे राहिलेले शोकाकुल आप्त म्हणजे सत्य, स्वातंत्र्य, श्रद्धा, आशा आणि न्याय. ज्या पत्राला खरी वाईट बातमी छापण्याची बंदी होती, त्याच पत्रात ती सर्वांत वाईट बातमी निधनवार्तेच्या साच्यातून निसटून गेली. वर्तमानपत्रे वाईट तेवढेच छापतात असे म्हणणाऱ्याने हे दुसरे टोकही ध्यानात ठेवले पाहिजे. अखबारातून सगळेच आलबेल येऊ लागले तर ती वाचकाने सर्वाधिक घाबरण्याची वेळ होय. थट्टेचा रोख बातमीच्या वाईटपणावर नसावा, तिच्या विक्रीवर असावा. जटल्लीला हे कळले होते.

या हकिकतीचा शेवट पुन्हा याच शहराशी येऊन मिळतो. औरंगाबादच्या किल्ले अर्कमध्ये साठलेले मोगल दफ्तर पुढे हैदराबादला गेले आणि तेथील अभिलेखागारात जपले गेले. लाखाहून अधिक कागदांचा तो ठेवा इतिहासाच्या अभ्यासकांचे तीर्थ बनला आहे. आणि जटल्ली? मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार १९१२ नंतर औरंगाबादेत आणला आणि १९३८ पर्यंत, सुमारे पंचवीस वर्षे, तो येथूनच चालविला. हिंदुस्थानातील त्याच अंजुमनने २००३ मध्ये, रशीद हसन खान यांच्या संपादनाखाली, जटल्लीचे समग्र लेखन दिल्लीहून प्रसिद्ध केले. दरबारचे खरे अखबार अभिलेखागारात आणि खोटा अखबार छापील ग्रंथात, असे दोन्ही आज अभ्यासकाच्या हाती येतात. त्या दरबारात काय घडले हे पहिल्यावरून कळते. पण जे घडत होते त्याविषयी माणसांना काय वाटत होते, हे जाणून घ्यावयाचे तर दुसराच उघडावा लागतो.